खिम्याला कणी, रश्श्याला ओला गर: घरच्या शाकाहारी ‘मटणा’साठी कोकणातल्या काजूची पारख

घरी काजूचा खिमा करायचा ठरला की बहुतेक जण अख्खे, टपोरे, पांढरेशुभ्र काजू आणतात. पहिली चूक तिथेच होते. अख्ख्या गराला भाव मिळतो तो त्याच्या आकाराला आणि रंगाला, आणि घरी आल्यावर आपण तोच आकार मिक्सरमध्ये मोडतो. वर खिमाही चांगला होत नाही. म्हणून सुरुवातीलाच निकाल सांगतो: खिम्यासाठी कोकणातल्या काजूच्या बाजारात सगळ्यात कामाचा माल म्हणजे कणी, म्हणजे तुटलेल्या काजूचा सगळ्यात बारीक तुकडा. रश्श्यात चावून खायच्या फोडी हव्या असतील तर हंगामात ओले काजूगर, आणि हंगाम नसेल तर कणी नि ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) मिळून केलेला उकडीचा रोल. बाकीचा माल वाईट नाही, पण या कामाचा नाही.

आधी बाजारातली नावं समजून घेऊ, कारण फसगत तिथेच होते. अख्ख्या गराच्या पाकिटावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे शिक्के दिसतात. डब्ल्यू म्हणजे अख्खा पांढरा गर आणि पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. बी फोडताना आणि साल काढताना जो गर तुटतो, त्याची वेगळी वाटणी होते. उभा दुभंगला तर पाकळी, मग मोठा तुकडा, लहान तुकडा, आणि सगळ्यात खाली कणी. कारखान्यात तिला बीबी, म्हणजे बेबी बिट्स, म्हणतात. प्रतवारीच्या नियमाप्रमाणे लहान तुकडा ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडतो आणि २.८ मिलिमीटरच्या चाळणीवर थांबतो. कणी २.८ मधून पडते आणि १.७ वर थांबते.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा, कारण सगळं मर्म त्यांत आहे. शिजलेल्या खिम्याचा दाणा साधारण याच मापाचा असतो. म्हणजे जो दाणा आपण घरी मिक्सरने पाडायची धडपड करतो, तो कारखान्यातून चाळून, एकसारखा होऊन आलेला आहे.

आणि मिक्सर जितका कमी फिरेल तितकं बरं. १०० ग्रॅम काजूत सुमारे ४४ ग्रॅम स्निग्धांश, ३० ग्रॅम कर्बोदकं आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात. पातं फिरतं तसा गर तापतो, पेशी फुटतात, तेल सुटतं आणि मिनिटभरात भांड्याच्या कडेला गुळगुळीत लोणी चिकटतं. ते एकदा झालं की परत दाणा येत नाही. असं वाटण तव्यावर टाकलं तर आधी पसरतं, मग तळाला लागतं, आणि वर काजूकतलीसारखा गोड वास येतो. अख्खा काजू दळताना काही दाणे जाड राहतात आणि काहींचं लोणी होतं, दोन्ही एकाच भांड्यात. कणीला तीन-चार झटके पुरतात.

कणीची पारख मात्र डोळे उघडे ठेवून करावी लागते, कारण विकताना सगळ्यात कमी काळजी तिची घेतली जाते. मूठभर कणी काळ्या किंवा गडद थाळीत पसरा. चांगल्या कणीचे दाणे सुटे राहतात, कडा धारदार असतात, रंग हस्तिदंती. थाळी तिरकी केली की दाणे घरंगळतात आणि मागे पांढरी धूळ फारशी राहत नाही. धूळ खूप राहिली तर मालात पूड मिसळलेली आहे. ती भिजवली की चिकट लापशी होते. दाणे एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या असतील तर गुठळी फोडून बघा. आत बारीक रेशमासारखा धागा दिसला तर पतंगाची अळी लागलेली आहे, तो माल परत करा. मग एक दाणा दाताखाली घ्या. कट्कन तुटला तर ठीक, वाकला तर दमट. काजूगरात ओलावा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे, आणि आपल्या किनाऱ्याच्या हवेत उघड्या पोत्यातला माल जून महिन्यात तो दंडक किती दिवस पाळणार? शेवटी वास. खवटपणा जिभेआधी नाकाला कळतो, आणि तो कुठल्याही मसाल्याने झाकला जात नाही.

लालसर सालीचे कण थोडे असतील तर हरकत नाही, पण ते काढलेले बरे. साल तुरट असते. कणी पाण्यात टाकून हाताने हलवली की साल वर तरंगते, तेवढी ओतून टाकायची.

करपलेला तुकडा म्हणून एक प्रकार मिळतो, भाजताना रंग चढलेला. मिठाईवाले तो घेत नाहीत म्हणून तो स्वस्त असतो. खिम्याला मात्र तो उत्तम! रंग आणि भाजका स्वाद दोन्ही आयते मिळतात. तीन भाग कणीला एक भाग करपलेला तुकडा हे मिश्रण नुसत्या कणीपेक्षा सरस उतरतं. फक्त काळे दाणे वेचून टाका, ते कडू असतात.

खारवलेली किंवा तळलेली कणी आणू नका. ती पाणी पीत नाही आणि बांधून येत नाही. पाकळी चवीला अख्ख्याइतकीच चांगली, पण शेवटी दळायचीच असेल तर तिचे जादा पैसे कशाला?

जातीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक जाती दिल्या आहेत. त्यांतली वेंगुर्ला-४ सगळीकडे लागलेली आणि वेंगुर्ला-७ टपोऱ्या बीची, एक बी सुमारे १० ग्रॅमची. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. अख्खा काजू घेताना हे सगळं जरूर विचारा. कणीला मात्र जात नसते. ती अनेक लॉटांची एकत्र गोळा होते, आणि आपल्याकडच्या कारखान्यांना आफ्रिकेतून येणारी कच्ची बीही लागते. त्यामुळे मानांकनाच्या नावावर कणीचे चढे पैसे मागितले तर देऊ नयेत. त्याऐवजी पॅकिंगची तारीख आणि १४ आकडी परवाना क्रमांक बघा. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळकडच्या लहान कारखान्यांतून थेट घेता आली तर कणी ताजी मिळते. घाटावरच्या दुकानात पोचेपर्यंत ती बरेचदा महिनोन्महिने जुनी झालेली असते.

आता करायचं कसं. पाच जणांना पुरेल असं माप: कणी २५० ग्रॅम, शिजवून पिळलेली कुयरी, म्हणजे कोवळा फणस, २०० ग्रॅम, डाळ्याचं पीठ तीन मोठे चमचे, मीठ एक लहान चमचा, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मिरपूड. कुयरी का, तर काजूत दाणा आहे, स्निग्धपणा आहे, पण रेषा नाही. नुसत्या काजूचा खिमा पहिल्या घासाला छान लागतो, तिसऱ्या घासाला पेढ्यासारखा टाळूला चिकटतो. कोवळ्या फणसाच्या रेषा ते चिकटणं मोडतात.

कुयरी एक ते दीड किलोची, आठळ्या अजून न धरलेली निवडावी. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून साल काढा, मोठे तुकडे करा, मीठ-हळद घालून कुकरला दोन शिट्ट्या द्या. तिसरी शिट्टी झाली की गाळ होतो आणि मग पिळून काही हाती लागत नाही. निवल्यावर वरवंट्याने हलकेच ठेचा म्हणजे रेषा सुट्या होतात. मग फडक्यात बांधून घट्ट पिळा. पिळायचा कंटाळा केला तर पुढचं सगळं बिघडतं, कारण कणीनेही पाणी घेतलेलं असतं.

कणी साध्या पाण्यात ४५ मिनिटं भिजवायची, जास्त नाही. अख्ख्या काजूला चार तास लागतात म्हणून कणीही चार तास ठेवली तर ती पिठूळ होते, आणि एप्रिलच्या उकाड्यात आंबूस वासही येतो. चाळणीवर १५ मिनिटं निथळू द्या, मग कोरड्या पंचावर पसरून टिपून घ्या. २५० ग्रॅमची साधारण ३५० ग्रॅम भरते. वजन त्याहून फार जास्त आलं तर पाणी अडकलेलं आहे, पुन्हा टिपा. यातला एक तृतीयांश भाग चटणीच्या भांड्यात एकेक सेकंदाचे तीन-चार झटके देऊन दळा. हा भाग बाकीच्याला धरून ठेवतो. उरलेली कणी तशीच अख्खी.

सगळं एकत्र कालवून तेल लावलेल्या थाळीत दीड सेंटिमीटर जाडीने थापा आणि मोदकपात्रात २० ते २५ मिनिटं वाफवा. काजूतला स्टार्च ७०-७५ अंशांच्या आसपास पाणी धरून फुगतो आणि थंड होताना घट्ट होतो. बांधणी होते ती याच्याने, अंड्याची किंवा जादा पिठाची गरज पडत नाही. पण थंड होऊ द्यायलाच हवं. गरम थाळीला हात लावला तर लगदा हाती येतो आणि माणूस समजतो की आपलं माप चुकलं. माप बरोबर असतं, घाई नडते. थाळी निवली की झाकून फ्रीजमध्ये किमान चार तास, रात्रभर ठेवली तर उत्तम. मग वडी उचलून दोन्ही हातांच्या बोटांनी कुस्करा. दाणे सुटे पडतात, काही वाटाण्याएवढे, काही ज्वारीएवढे. असेच असमान राहू द्या. खिमा कधी एकसारखा नसतो.

पुढची पायरी परतण्याची, आणि चव इथे ठरते. लोखंडी तवा किंवा बिडाची कढई चांगली तापवा, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल घाला आणि कुस्करलेला माल दोन वेळा विभागून टाका. एकदम सगळा टाकला तर वाफ कोंडते आणि तो भाजायच्या ऐवजी शिजतो. मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं, पहिली तीन मिनिटं उलथनं न लावता. सुरुवातीला चुर्र आवाज दबका, ओला असतो. पाणी उडालं की आवाज कोरडा आणि बारीक होतो, दाण्यांच्या कडा तांबूस होतात आणि काजूचा गोड वास जाऊन भाजका, मांसाच्या जवळ जाणारा वास सुटतो. प्रथिनं आणि साखर तापून हा स्वाद तयार होतो, पण पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय नाही. म्हणूनच मघापासून पाण्यावर इतका जोर दिला. परतलेला माल बाजूला काढून ठेवा.

मसाला नेहमीचा मालवणी, फक्त दोन फरक करून. मटणाला जेवढं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप घालतो त्याच्या निम्मंच घ्यायचं. काजूचं स्वतःचं तेल आणि गोडी आहे, त्यावर पूर्ण वाटप पडलं की पदार्थ जड आणि मिट्ट लागतो. दुसरा फरक, ती गोडी कापायला मिरी, लवंग आणि दगडफूल थोडं चढं ठेवायचं आणि तीन आमसुलं घालायची. दोन कांदे तेलात लाल करा, आलं-लसूण, दोन चमचे मालवणी मसाला, चार मोठे चमचे वाटप घालून तेल सुटेपर्यंत परता. २०० मिलिलिटर गरम पाणी आणि आमसुलं घाला, उकळी येऊ द्या आणि मगच परतलेला खिमा टाका. पाच मिनिटं, झाकण न ठेवता. मटणासारखा अर्धा तास रटरटत ठेवला तर दाणे पाणी पिऊन मऊ पडतात आणि रश्श्याची खीर होते.

कुयरी माघ-फाल्गुनात मुबलक असते, नंतर मिळेनाशी होते. तिच्या जागी एक वस्तू आपल्या परसातच वाया जाते: काजूचा बोंडू. काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचा, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो गोव्याला आणला. त्या ईशान्य ब्राझीलमध्ये बोंडूचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचा मांसासारखा पदार्थ घरोघरी करतात, त्याला ‘कार्नि दि काजू’ म्हणजे काजूचं मांसच म्हणतात. झाड आलं, बी आली, फेणीला बोंडू लागला, ही कृती मात्र आपल्याकडे रुजली नाही याचं खरोखर वाईट वाटतं. पिकलेले पण टणक बोंडू घ्या, दोन्ही टोकं कापा, उभे चिरून रस पिळून घ्या. रसाचं सरबत करा. चोथा मिठाच्या पाण्यात १० मिनिटं उकळा, पाणी ओतून टाका, पिळा, पुन्हा एकदा तेच. घसा धरणारा तुरटपणा या दोन उकळ्यांत बराच उतरतो. एका उकळीवर थांबलात तर उतरत नाही. मग काट्याने रेषा ओढून कुयरीच्या जागी तेवढ्याच वजनाने घाला. रेषा कुयरीपेक्षा चिवट असतात, आणि खिम्याला ते चांगलंच.

आता रश्श्यातल्या फोडी. इथे ओल्या काजूगराला तोड नाही. फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात मिळतात, बऱ्याच ठिकाणी शेकड्यावर. गर हिरवट पांढरा, टणक आणि पाण्याने भरलेला हवा. सुरकुतलेला असेल तर फोडून दोन दिवस झालेले आहेत. घरी बी फोडणार असाल तर हाताला तेल चोपडा आणि चीक कातडीला लागू देऊ नका. टरफलाच्या तेलातली अनाकार्डिक आम्लं आणि कार्डोल कातडी जाळतात, फोड येतात. सोललेले गर घेतले तरी गरावरची पातळ साल काढावी लागते. उकळतं पाणी ओतून १० मिनिटं ठेवा, मग चिमटीत धरून दाबलं की गर सटकन बाहेर येतो. हा गर दळायचा नाही. अख्खा किंवा दुभागून, थोड्या तेलात कडा लाल होईपर्यंत परतून, भाजलेल्या वाटपाच्या रश्श्यात १२ ते १५ मिनिटं. दाताला आधी हलका ताण देतो, मग तुटतो. मांसाची नक्कल म्हणून नाही, पण मालवणी वड्यांबरोबर ताटात मटणाची जागा भरून काढायची तर याच्याइतकं समाधान दुसरं कशात नाही. श्रावणात आणि गणपतीत काळ्या वाटाण्याचं सांबारं ही जागा पिढ्यान्‌पिढ्या भरत आलं आहे, ओला काजूगर त्याच पंगतीतला. हंगामात सोलून, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून, पुसून डीप फ्रीजमध्ये ठेवले तर पावसाळ्यापर्यंत जातात. सुकवलेले काजूगर मिळतात तेही चालतात, रात्रभर भिजवून. मात्र ओल्याची करकर त्यांत नाही.

वर्षभर करता येईल असा पर्याय म्हणजे रोल. यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, लागतं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढल्यावर जो रबरी चोथा हाताला लागतो, त्याचा चिवटपणा याच्यामुळे. शहरातल्या बेकिंगच्या दुकानांत किंवा ऑनलाइन त्याची पूड मिळते. माप असं: कणी १०० ग्रॅम, एक तास भिजवून निथळलेली, ८० मिलिलिटर पाणी, दोन चमचे मालवणी मसाला, एक चमचा मीठ, चार लसूण पाकळ्या. इथे मात्र अगदी गंधासारखं गुळगुळीत वाटा. त्यात ग्लुटेनची पूड १३० ग्रॅम आणि बेसन दोन मोठे चमचे घालून तीन मिनिटं मळा. गोळा ओढला की रेषा ताणल्या जाताना दिसायला हव्यात. १५ मिनिटं झाकून ठेवा. मग लांबट रोल करून, आचेवर शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळा, दोऱ्याने चार ठिकाणी बांधा आणि ४५ मिनिटं वाफवा. हळदीचं पान नको, पातोळ्याचा वास येतो आणि मसाल्याशी भांडतो.

पूड मिळाली नाही तर ५०० ग्रॅम मैदा ३०० मिलिलिटर पाण्यात घट्ट मळून तासभर पाण्यात बुडवून ठेवा आणि चार-पाच पाण्यांत चोळून धुवा. पाणी जवळजवळ स्वच्छ आलं की हाती सुमारे १४० ग्रॅम ओलं ग्लुटेन राहतं. ते आधीच ओलं असल्याने कणी वाटताना पाणी घालायचं नाही, आणि एवढ्याला १०० ऐवजी ४० ग्रॅमच कणी घ्यायची. ग्लुटेनचे बारीक तुकडे तोडून वाटणात चुरत मिसळावे लागतात, आणि तरीही पुडीइतकं एकजीव होत नाही. पूड मिळत असेल तर हा खटाटोप करू नका.

रोल बिघडतो तो तीन तऱ्हांनी. आतून पावासारखा जाळीदार झाला तर पान सैल बांधलं होतं, किंवा वाफेऐवजी खळखळत्या पाण्यात शिजवला. तुटताना भुगा झाला तर काजू जास्त पडला. सुक्या कणीचं वजन पुडीच्या वजनापुढे जाऊ देऊ नका. आणि रबरासारखा ताणला गेला तर फार मळला किंवा काजू फारच कमी पडला. बरोबर जमलेला रोल रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावर हाताने फाडला की मटणाच्या उकडलेल्या तुकड्यासारखा लांब, ओलसर तंतूंनी फाटतो. सुरीने कापू नका. फाटलेल्या खडबडीत कडांना मसाला धरतो.

पोषणाचं प्रामाणिकपणे सांगायचं तर काजूचा खिमा प्रथिनांत मटणाची बरोबरी करत नाही. माणशी ५० ग्रॅम कणी धरली तर ९ ग्रॅम प्रथिनं आणि त्याबरोबर २२ ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो. प्रथिनंच हवी असतील तर रोल करा. वरच्या मापाचे सहा भाग केले तर प्रत्येकी १८-१९ ग्रॅम मिळतात. ज्यांना गहू चालत नाही त्यांना रोल वर्ज्य. आणि पाहुण्यांना ताट वाढण्याआधी ‘यात काजू आहे’ हे सांगाच, खिम्यासारखा दिसणारा पदार्थ खाताना काजूची शंका कुणाला येत नाही आणि काजूची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या दाण्यांबद्दल थोडक्यात. शेंगदाणा स्वस्त आहे आणि १०० ग्रॅममागे २६ ग्रॅम प्रथिनं देतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला जॉन हार्वी केलॉग यांनी १८९० च्या दशकात ‘नटोज’ नावाचं जे शाकाहारी मांस विकायला काढलं, ते शेंगदाण्याचंच होतं. पण शेंगदाणा आधी कुकरला पाच शिट्ट्या देऊन मऊ शिजवावा लागतो, नाहीतर कच्चट वास शेवटपर्यंत राहतो. सुरकुतलेले, डागाळलेले, बुरशीचा वास येणारे दाणे एकूण एक फेका. दमट हवेत त्यांत अफ्लाटॉक्सिन होतं आणि ते घरच्या शिजवण्याने जात नाही. निम्मा शेंगदाणा, निम्मी कणी हे रोजच्या खिम्याला चांगलं मिश्रण आहे. अक्रोडाचा रंग खिम्याला शोभतो, पण किनाऱ्याच्या हवेत तो सगळ्यात आधी खवट होतो. ओल्या खोबऱ्यात प्रथिनं नाहीतच म्हणा, ते वाटपात राहू दे. आठळ्या उकडून किसून थोड्या घातल्या तर बांधणी छान होते, फक्त एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे गेलात तर खिमा कोरडा आणि पिठूळ लागतो.

साठवण. कणी आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, दवाचं पाणी आत जातं. वाफवलेली थाळी किंवा रोल फ्रीजमध्ये तीन दिवस, डीप फ्रीजमध्ये महिनाभर. डीप फ्रीजमधला खिमा वितळवायचा नाही, गोठलेलाच तव्यावर टाकायचा. वितळला की पाणी सुटतं आणि पुन्हा सगळी परतण्याची मेहनत. मसाल्यात घातलेला खिमा मात्र त्याच दिवशी संपवावा. थोडा उरलाच तर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी दोन चमचे गरम पाणी आणि अर्धं आमसूल घालून तव्यावर सुका करा, आणि घावण्यात गुंडाळून खा.